दोन पात्यांचा संथ पंखा

अर्जात तारा हा प्रकारच नव्हता.

इमारतीच्या सामाईक जागेत छताला काही टांगायचं असेल, तर चिटणिसांकडून एक छापील अर्ज घ्यावा लागे. त्यात टांगण्याच्या वस्तूंचे तीन प्रकार दिले होते: दिवा, पंखा आणि सूचनाफलक. पूर्वी 'इतर' असा चौथा प्रकारही होता म्हणे. पण 'इतर'मध्ये लोक काय काय लिहितात हे पाहिल्यावर चिटणिसांनी तो पुढच्या छपाईत काढून टाकला.

"वस्तू फिरते का?" चिटणिसांनी विचारलं.

"फिरते."

"मग पंखा."

"अहो, दोन तारे आहेत ते. दोघांच्या मधल्या एका बिंदूभोवती..."

"म्हणजे पाती दोन." चिटणिसांनी लिहून टाकलं. "वेग?"

"एकशे चार दिवसांत एक फेरी."

चिटणिसांनी चष्म्यावरून पाहिलं, जरा विचार केला आणि वेगाच्या रकान्यात 'संथ' असं लिहिलं. खाली सही करायची होती. अर्जदार वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोट्या कागदावर सही केली नव्हती, आणि त्याबद्दल खात्यात त्यांचा जितका आदर होता तितकाच वैतागही होता. त्या दिवशी मात्र त्यांनी डोळे मिटून सही केली. पुढं जे झालं ते या एका सहीमुळं झालं, असं ते अजून म्हणतात. त्यांची बायको म्हणते, की सही निमित्त, मूळ स्वभावातच आहे.

इमारतीत त्यांना काटेकोर म्हणत. तोंडावर साहेब, पाठ फिरली की काटेकोर. बाजारपेठेत ते नुसते चालत गेले तरी दुकानदार उभे राहत आणि तराजू आपोआप खरं बोलू लागत. अशा माणसाला रोज सकाळी दहा वाजता तळमजल्यावरच्या वाचनालयात एक चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई चारचौघांत हाक मारायच्या, "काय रे उद्धट, बरा आहेस ना?" आणि शेजारी कोणी नवीन बसलेलं असेल तर ओळखही करून द्यायच्या, "हा माझा विद्यार्थी. फार उद्धट होता."

झालं होतं ते इतकंच. त्रेचाळीस वर्षांपूर्वी विज्ञानाच्या तासाला बाईंनी सांगितलं, की ब्रह्महृदय हा तारा आपल्या सूर्यापेक्षा कितीतरी पट जड आहे. तेव्हा शेवटच्या बाकावरून काटेकोरांनी विचारलं, "कोणी तोलला?" वर्ग हसला. बाईंनी त्यांना बाहेर उभं केलं आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला: उद्धट. पुढं ते वजनमापे खात्यात लागले हा योगायोग म्हणावा तर म्हणावा. निवृत्त झाल्यावर बाई त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या, याला मात्र दैवाची खोडी याशिवाय दुसरा शब्द नाही.

आता त्याच बाई इमारत सोडून भाचीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. चार महिन्यांनी. हे कळलं त्याच आठवड्यात काटेकोरांच्या हाती वाचनालयातलं एक पुस्तक लागलं, आणि त्यात त्यांना त्रेचाळीस वर्षं अडलेलं उत्तर सापडलं. ब्रह्महृदय हा एक तारा नव्हेच. ते दोन तारे आहेत. नुसत्या डोळ्यांना एकच ठिपका दिसतो, पण त्याच्या उजेडाच्या वर्णपटातल्या रेषा पुढंमागं सरकतात, त्यावरून दोघं एकमेकांभोवती फिरत आहेत हे कळतं. आणि दोघं आहेत म्हणूनच ते तोलता येतात. कोण किती वेगानं, किती दिवसांत, किती अंतरावरून फिरतो ते मोजायचं, की वजन निघतं. एकट्या ताऱ्याला असं थेट तोलायला काही साधन नाही.

"तराजूला दुसरं पारडं लागतं," काटेकोर जेवताना बायकोला म्हणाले.

त्यांची बायको दवाखान्यात क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ होती. न दिसणाऱ्या गोष्टींचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे लग्न झाल्याशिवाय माणसाचं वजन कळत नाही. हे मी तुम्हाला पुस्तक न वाचता सांगितलं असतं."

"अगं, माझा प्रश्न बरोबर होता. कोणीतरी खरंच तोललेत ते. बाईंनी तो शब्द मागं घ्यायला पाहिजे."

"मग वर जा, पुस्तक दाखवा आणि सांगा."

पण हे काटेकोरांना पटेना. पुस्तक कोणीही दाखवील. त्यांना प्रात्यक्षिक हवं होतं. वाचनालयाच्या छताला ते दोन तारे टांगायचे, प्रमाणात, वजनासकट, वेगासकट. बाई रोज दहाला पेपर वाचायला येतात तेव्हा डोक्यावर पुरावा फिरत असला पाहिजे. एक सूर्य म्हणजे एक किलो असं माप त्यांनी धरलं. त्या हिशेबानं एक तारा दोन किलो पाचशे सत्तर ग्रॅम, दुसरा दोन किलो चारशे ऐंशी. दोघांच्या केंद्रांमध्ये एक मीटर अंतर धरलं, तर एक गोळा पंधरा सेंटिमीटर रुंद आणि दुसरा अकरा.

"मोठा आहे तो नव्वद ग्रॅमनीच जास्त?" बायकोनं विचारलं. "मग तो नुसताच फुगलाय की."

"फुगलाय आणि थंडही झालाय."

"थंड म्हणजे किती?"

"पावणेपाच हजार अंश. लहान आहे तो साडेपाच हजार."

"बरं," बायको म्हणाली आणि वरणाचं भांडं पुन्हा गॅसवर ठेवायला उठली.

गोळे कुठून आणायचे हा पहिला प्रश्न. तो प्लंबरनं चुटकीसरशी सोडवला. पाण्याच्या टाकीत जो तरंगता गोळा असतो, पाणी वर आलं की नळ बंद करणारा, तो बरोबर या मापात मिळतो. दुसऱ्याच दिवशी त्यानं एक लहान आणि एक मोठा गोळा आणून दिला. काटेकोरांनी मोठ्यात वाळू भरली, लहानात लोखंडी छर्रे भरले, कचेरीतल्या प्रमाणित काट्यावर दोन्ही ग्रॅमपर्यंत तोलले, एकाला नारिंगी आणि दुसऱ्याला पिवळा रंग दिला. रंगाबद्दल शेजारच्या दंतवैद्यांनी सल्ला दिला, की दोन्ही पांढरे ठेवा, पांढऱ्यावर डाग पटकन दिसतात. हा सल्ला काटेकोरांनी ऐकून घेतला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावरून पाणी वाहत खाली आलं. गच्चीवरची टाकी रात्रभर भरून सांडत होती. चिटणीस छत्री घेऊन वर गेले आणि येऊन म्हणाले, की टाकीतला गोळा कोणीतरी चोरलाय. काटेकोर घरी आले, त्यांनी नारिंगी तारा उलटा केला आणि रंग थोडा खरवडला. खाली इमारतीचं नाव आणि टाकी क्रमांक दोन असं लिहिलेलं निघालं. प्लंबर म्हणाला, "साहेब, तिथं तो नुसता पडून होता." पाण्यावर पडून होता हे खरंच होतं. काटेकोरांनी स्वतः कबुलीपत्र लिहिलं, नवा गोळा बसवून दिला आणि ओल्या जिन्यावर उभं राहून चार मजल्यांची माफी मागितली. दुसऱ्यांची वजनं जप्त करणाऱ्या माणसाकडं चोरीचा माल सापडावा, ही गोष्ट पुढं आठवडाभर प्रत्येक घरी चहाबरोबर घेतली गेली.

मग दांडी. वेल्डरनं एक मीटरची दांडी आणली आणि टांगायचं भोक बरोबर मधोमध पाडलं. काटेकोर म्हणाले, की भोक मध्यापासून नऊ मिलिमीटर जड गोळ्याकडं हवं, कारण दोघं त्या बिंदूभोवती फिरतात.

"नऊ मिलिमीटरनी काय होतंय साहेब?" वेल्डर म्हणाला.

याहून कमी फरकावरून काटेकोरांनी दुकानांना सील ठोकलं होतं. त्यांनी खिशातली पट्टी काढून दांडीवर धरली. वेल्डरनं गुपचूप दुसरी दांडी घेतली.

खरा जिवाभावाचा माणूस भेटला तो घड्याळजी. एकशे चार दिवसांत एक फेरी, हे ऐकून त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "चाळीस वर्षं लोक येतात आणि म्हणतात, घड्याळ मागं पडतंय. आणखी हळू करून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच," तो म्हणाला आणि कामाला लागला. एका जुन्या, विजेवर चालणाऱ्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचं यंत्र त्यानं घेतलं, त्याला चाकांमागं चाकं जोडली, आणि दीड महिना खपून असं काही करून दिलं, की काटेकोरांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

दोन महिने असे गेले. बाई जायला बावन्न दिवस उरले असताना वाचनालयात उद्घाटन ठरलं. संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे सगळे कामावरून येतात त्या वेळेला. चाळीसेक माणसं जमली. काटेकोरांनी ताऱ्यांबद्दल वीस मिनिटं माहिती दिली. दोघांमधलं खरं अंतर अकरा कोटी किलोमीटर आहे, त्यांना आणखी दोन लहान, मंद तारे लांबून बांधलेले आहेत, पण ते फार दूर असतात. "लांबचे नातेवाईक आहेत, येत नाहीत," दंतवैद्य मागच्यांना समजावत म्हणाले. मग काटेकोरांनी फडकं ओढलं. नारिंगी गोळा दाराकडं, पिवळा खिडकीकडं. टाळ्या झाल्या. मग लोक वर बघत थांबले.

"हं, करा सुरू," चिटणीस म्हणाले.

"सुरू आहे."

लोकांनी आणखी लक्ष देऊन पाहिलं. कोणीतरी पंख्याचं बटण दाबून बघितलं. कोणीतरी म्हणालं, वीज गेली असेल. काटेकोरांनी समजावून सांगितलं, की रोज साधारण साडेतीन अंश, म्हणजे मोठा गोळा दिवसाला तीन सेंटिमीटर सरकतो. वेग वाढवला तर ते खोटं होईल. हे बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की गेल्या दोन महिन्यांत या क्षणाचा विचार त्यांनी एकदाही केला नव्हता. भोक नऊ मिलिमीटर सरकवणाऱ्या माणसाला, फिरताना न दिसणारी वस्तू लोक कशी बघणार, हे सुचलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागून हसू फुटलं, आणि ते अगदी त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गासारखं होतं.

बाई पहिल्या खुर्चीवर काठीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "फिरतं का रे खरंच?"

"फिरतं बाई."

"कोणी बघितलं?"

काटेकोर पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि परत आलेच नाहीत.

पुढचा महिना वाईट गेला. इमारतीत 'काय, फिरला का?' हा नमस्कार झाला. आणखी एक गोष्ट त्यांना लागली. सकाळी खिडकीतून त्यांनी दोनतीनदा पाहिलं, की बाई वाचनालयात उभ्या राहून काठीचं टोक वर करून मोठ्या गोळ्याला खालून टोचतायत, मग काठी खाली टेकतायत. चेष्टा लोकांनी करावी, पण बाईंनी? काटेकोरांनी दहा वाजता तिकडं जाणंच सोडून दिलं. त्याच सुमारास चिटणिसांनी फलकावर एक सूचना लावली: 'वाचनालयाच्या फरशीवर कोणी मेणखडूने खुणा करू नयेत. पुसल्या जात नाहीत.' तिकडं काटेकोरांचं लक्षही गेलं नाही.

एकतिसाव्या दिवशी दुपारी वायरमन आला. वर्षातून एकदा तो इमारतीतले सगळे पंखे तपासत असे. त्याच्या यादीत लिहिलं होतं: 'पंखा क्र. ७, वाचनालय, पाती दोन, संथ.' त्यानं वर पाहिलं. संथ कसला, बंदच होता. त्यानं तेल सोडलं. मग कप्पा उघडला, तर आत कोणीतरी घड्याळ कोंबलेलं. वायरमन अनुभवी होता. लोक पंख्यात काय काय करून ठेवतात हे त्यानं खूप पाहिलं होतं. त्यानं घड्याळ काढून बाजूला ठेवलं, चांगली नवीन मोटर बसवली आणि बटण फिरवलं.

एकवर वारा आला. दोनवर दंतवैद्यांचा पेपर उडाला. तीनवर ब्रह्महृदय फुटलं. नारिंगी तारा हवेतच उकलला आणि सगळ्या वाचनालयावर वाळू बरसली. पिवळा सूचनाफलकातून आरपार गेला, आणि अडीच किलो छर्रे जिन्याखाली, कपाटाखाली, दंतवैद्यांच्या बुटात गेले. कोणाला लागलं नाही. वायरमननं यादीत शेरा लिहिला, 'पंखा दुरुस्त. पाती निकामी,' आणि तो आठव्या पंख्याकडं गेला.

काटेकोर कचेरीतून आले तेव्हा चिटणीस दारातच होते. म्हणाले, की अर्जात पंखा लिहिलंय, सही तुमची आहे, वायरमनला दोष देता येत नाही. हे खरंच होतं. काटेकोर वाळूत खुर्ची ओढून बसले. त्यांना रडू आलं नाही, पण ते रडल्यासारखे दिसत होते असं दंतवैद्य नंतर सांगत. संध्याकाळी घड्याळजी येऊन यंत्र उचलून बघून म्हणाला, "याला काही झालेलं नाही साहेब. तीन दिवसांत पुन्हा टांगू."

"काय उपयोग," काटेकोर म्हणाले. "आज ते कुठं होते, कोणाला माहीत? हिशेब मांडता येईल, पण मी महिनाभर बघितलं नाही. कुठूनही सुरू केलं तर ते खोटं."

"अरे, एक झाडू आण," मागून बाई म्हणाल्या.

त्या काठी टेकत आत आल्या होत्या. काटेकोरांनी झाडू आणला. बाईंनी काठीनं दाखवलं तिथली वाळू त्यांनी बाजूला केली, आणि खाली फरशीवर निळ्या मेणखडूची एक फुली निघाली. तीन सेंटिमीटरवर दुसरी. मग तिसरी. काटेकोर गुडघ्यांवर बसून झाडत गेले, आणि दारापासून सुरू होऊन कपाटांकडं वळत गेलेली एकतीस फुल्यांची कमान हळूहळू उघडी पडली. बाईंनी काठीच्या टोकाला दोऱ्यानं मेणखडू बांधला होता. रोज दहाला त्या काठीनं गोळ्याला खालून शिवायच्या, काठी सरळ खाली आणायच्या आणि फुली मारायच्या.

"बाई, तुम्ही..."

"तू म्हणालास फिरतं. मला वाटलं, कोणीतरी बघायला पाहिजे," बाई म्हणाल्या. "आता दुरुस्तीला तीन दिवस म्हणतोय ना हा? तारे काही तुझ्यासाठी थांबत नाहीत. शेवटच्या फुलीपासून नऊ सेंटिमीटर पुढं धर, मधल्या दोन फुल्या मी पट्टीनं मोजून मारते."

चिटणीस काहीतरी बोलणार होते, फरशीबद्दल. काटेकोरांच्या बायकोनं त्यांच्या हातात सुपली दिली.

तीन दिवसांनी ताऱ्यांचं यंत्र पुन्हा चालू झालं, बरोबर नऊ सेंटिमीटर पुढं. अर्ज मात्र नव्यानं केला. काटेकोरांनी 'पंखा' खोडून वर 'तारे, दोन' असं लिहिलं आणि खाडाखोडीवर सही केली. चिटणिसांनी तो कुठल्या फायलीत लावावा यावर कार्यकारिणीची बैठक घेतली. तिचा निर्णय अजून आलेला नाही.

बावन्नाव्या दिवशी बाई निघाल्या. गाडी फाटकाशी उभी होती, भाची सामान ठेवत होती. बाई मध्येच वाचनालयात शिरल्या. काटेकोर तिथंच थांबले होते. बाईंनी काठी वर केली, गोळ्याला शिवून खाली आणली, फुली मारली. पहिल्या दिवशी नारिंगी तारा दाराकडं होता. आता दाराकडं पिवळा होता. अर्धी फेरी झाली होती. बाईंनी दोन्ही गोळ्यांकडं पाहिलं आणि पिशवीतून एक वही काढली, त्या दिवसाची नोंद केली आणि ती काटेकोरांच्या हातात दिली.

"गाडीत बसायच्या घाईत राहून जाईल, म्हणून आत्ताच देते," त्या म्हणाल्या. "त्या ताऱ्याचा उजेड इथं यायला त्रेचाळीस वर्षं लागतात म्हणालास ना तू भाषणात? मग माझ्या शेऱ्यालाही इतका उशीर चालेल."

गाडी गेली. काटेकोरांनी फाटकातच वही उघडली. पानांवर बावन्न नोंदी होत्या, तारीख, वेळ आणि सेंटिमीटर. शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं: 'प्रयोग समाधानकारक. प्रश्न बरोबर होता. विचारण्याची तऱ्हा उद्धट. उरलेली अर्धी फेरी स्वतः मोजावी व कळवावे.' खाली सही आणि तारीख.

बायकोनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं. "शब्द काही मागं घेतला नाही त्यांनी."

"नाही," काटेकोर म्हणाले. आपला आनंद एवढा कसा, हे त्यांनाच कळत नव्हतं. "पण आता त्याचं वजन बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता चिटणीस वाचनालयात आले, तेव्हा वजनमापे खात्याचे निरीक्षक दारामागच्या लांब झाडूच्या दांड्याला मेणखडू बांधत होते. त्यांनी दांडा वर केला, गोळ्याला लावला, सरळ खाली आणला आणि फरशीवर त्रेपन्नावी फुली मारली.

"साहेब, ती सूचना काय शोभेला लावलीय?" चिटणीस म्हणाले. "हा सरळसरळ उद्धटपणा आहे."

"आहेच," काटेकोर खाली वाकून फुलीपासूनचं अंतर मोजत म्हणाले. "तसा शेरा आहे माझ्याकडं. सहीशिक्क्याची गरज असली, तर सही आहे."